गावोगावी रंगमंच नेणारे कवी लोर्का

आपल्या स्मरणिकेत दर वर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यायची पद्धत आहे. सावित्रीबाई फुले, पंडिता रमाबाई, मादाम क्यूरी यांची चरित्रे भगिनींनी मागच्या अंकांतून वाचली असतील. यंदा हे काम कार्यवाहबाईंनी माझ्यावर सोपवले. मी सातवी शिकलेली, घरसंसार सांभाळणारी बाई. लिहिण्याचा सराव म्हणाल तर वाण्याच्या यादीपुरता. पण वाचनाची गोडी आहे, आणि माझी थोरली मुलगी कॉलेजात नाटक हा विषय घेऊन शिकते आहे. तिच्या पुस्तकांतले ती मला वाचून दाखवते, अर्थ समजावते आणि मी भाजी निवडता निवडता ऐकते. त्यातूनच एका परदेशी कवीची मला ओळख झाली. ती ओळख आपल्या मंडळाच्या फार कामाची आहे असे वाटले, म्हणून हा प्रपंच.

हे कवी स्पेन देशाचे. त्यांचे नाव फेदेरिको गार्सिया लोर्का. नाव जिभेवर बसायला थोडा वेळ लागतो, पण एकदा बसले की सुटत नाही. त्यांनी किती पुस्तके लिहिली याची जंत्री मी देणार नाही. तो माझा अधिकार नव्हे. मला सांगायचे आहे ते एवढेच, की फळ्या, पडदे आणि एक मालमोटार एवढ्या भांडवलावर या माणसाने उत्तम नाटक खेड्यापाड्यांत नेले आणि ज्यांना सगळे अडाणी म्हणत त्यांच्यासमोर ते करून दाखवले.

लोर्कांचा जन्म ५ जून १८९८ रोजी स्पेनच्या दक्षिण भागात, ग्रानादा शहराजवळच्या फुएन्ते व्हाकेरोस या खेड्यात झाला. वडील सधन शेतकरी होते. घरात धान्यधुन्याला, गुराढोरांना तोटा नव्हता. आई व्हिसेन्ता लग्नापूर्वी शाळेत शिक्षिका होती. मुलाला वाचनाचा आणि संगीताचा नाद लागला तो मुख्यतः तिच्यामुळे. पण या मुलाची खरी शाळा म्हणजे घरात कामाला येणाऱ्या बाया. त्यांच्या तोंडच्या गोष्टी, अंगाईगीते, जुनी गाणी ऐकत तो वाढला. मोठेपणी त्यांच्या काव्यात जो जिवंतपणा आला तो या बायांकडून आला असे ते स्वतः मानीत. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला काही सांगायचे असते याची आपल्याला कधी आठवणही होत नाही. त्या मुलाने मात्र त्यांचे सारे कानात साठवून ठेवले.

लहानपणी त्याचा एक आवडता खेळ होता. अंगणात लहानशी वेदी मांडायची, त्यावर फुले वाहायची, आणि चर्चमधल्या धर्मगुरूसारखे प्रवचन करायचे. घरातल्या मोलकरणींनी आणि शेजारच्या मुलांनी पुढे बसायचे, आणि प्रवचन ऐकून रडलेच पाहिजे अशी अट असे! पुढे एकदा गावात फिरते कळसूत्री बाहुल्यांचे खेळवाले आले. गावच्या चौकात त्यांनी आपला लहानसा तंबू उभा केला. तो खेळ पाहून पोराला जेवणखाण सुचेना. दुसऱ्याच दिवसापासून घरातल्या बायांच्या मदतीने जुन्या चिंध्यांच्या बाहुल्या करून त्याने घरच्या घरी खेळ सुरू केले. साठवलेल्या पैशांतून त्याने पहिल्यांदा जे खेळणे विकत आणले तेही एक छोटेसे खेळातले नाटकघरच होते म्हणतात.

हे एवढे विस्ताराने सांगते याला कारण आहे. नाटक म्हणजे काय हे त्या मुलाला पहिल्यांदा कळले ते मोठ्या थिएटरात नाही. रात्री उभ्या राहणाऱ्या आणि सकाळी मोडून गाडीत भरल्या जाणाऱ्या त्या कापडी तंबूत कळले.

१९०९ साली कुटुंब ग्रानादा शहरात राहायला गेले. मुलाने वकील व्हावे अशी वडिलांची इच्छा. त्याचे मन पियानोत. पण गुरू वारले, संगीताचे पुढचे शिक्षण राहिले, आणि मन कवितेकडे वळले. १९१९ मध्ये ते राजधानी माद्रिद येथे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहायला गेले. तिथे चित्रकार दाली, सिनेमा काढणारे बुन्युएल असे पुढे जगप्रसिद्ध झालेले मित्र मिळाले. १९२० साली त्यांचे पहिले नाटक माद्रिदच्या रंगभूमीवर आले. नाटकातली पात्रे सगळी किडेमाकोडे, आणि एक झुरळ एका फुलपाखराच्या प्रेमात पडते अशी गोष्ट. पैसे देऊन आलेल्या शहरी प्रेक्षकांनी आरडाओरडा करून ते पाडले. दुसरा एखादा नाटकाचे नाव टाकून बसला असता. लोर्का कवितेत रमले, पण नाटकाचा नाद सुटला नाही.

१९२३ साली ६ जानेवारीला, तिकडच्या तीन राजांच्या सणाला, त्यांनी ग्रानादाच्या राहत्या घरी धाकट्या बहिणीसाठी आणि शेजारच्या मुलांसाठी बाहुल्यांचा खेळ केला. एका दाराच्या चौकटीत पडदा लावून रंगमंच केला. त्याला संगीत दिले मानुएल दे फाया यांनी, जे स्पेनचे त्या काळचे सर्वांत नावाजलेले संगीतकार होते. इतका मोठा माणूस घरातल्या पोरांच्या खेळासाठी वाजवायला बसला! मला ही गोष्ट फार आवडते. खेळ लहान मुलांसाठी आहे, जागा घरातली आहे, म्हणून त्यांनी कामात कसूर केली नाही.

१९२८ मध्ये त्यांचा जिप्सी लोकांविषयीच्या कवितांचा संग्रह निघाला आणि नाव देशभर झाले. पुढच्या वर्षी ते अमेरिकेत न्यूयॉर्कला गेले. तिथे गगनाला भिडलेल्या इमारती पाहिल्या, त्यांच्या पायथ्याशी निग्रो वस्तीतली गरिबी पाहिली आणि १९२९ मध्ये शेअरबाजार कोसळून झालेला हाहाकारही पाहिला. १९३० साली क्युबामार्गे ते घरी परतले ते पुष्कळ बदलून.

त्याच सुमारास त्यांच्या देशातही मोठी उलथापालथ झाली. १४ एप्रिल १९३१ रोजी राजाची सत्ता जाऊन स्पेनमध्ये लोकशाही आली. नव्या राज्यघटनेने स्त्रियांना मतदानाचा हक्क दिला आणि १९३३ च्या निवडणुकीत तिकडच्या बायकांनी देशाच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत टाकले. पण खेड्यांची अवस्था वाईट होती. जमिनी थोड्या बड्या लोकांच्या हातात, शाळा कमी, लिहिता-वाचता न येणारी माणसे जिकडे तिकडे, त्यात बायका जास्त. नव्या सरकारने शाळा काढायचे मनावर घेतले, फिरती वाचनालये पाठवली. डिसेंबर १९३१ मध्ये फेर्नान्दो दे लोस रिओस हे शिक्षणमंत्री झाले. ते लोर्कांचे जुने शिक्षक.

माद्रिदच्या विद्यार्थ्यांच्या मनात एक नाटकमंडळी काढायचे होते. लोर्कांनी ती कल्पना उचलून धरली. मंडळीचे नाव ठेवले ला बार्राका. बार्राका म्हणजे जत्रेत उभारतात तसली लाकडी खोपटी, खेळवाल्यांची पालासारखी तात्पुरती जागा. नाव मोठे अर्थाचे आहे. सुरुवातीला बेत असा होता की दोन बार्राका कराव्यात. एक माद्रिदमध्ये कायमची, आणि दुसरी सुट्टीत गावोगाव फिरणारी. त्यांतली कायमची कधी झालीच नाही. फिरती तेवढी झाली, आणि तिनेच नाव मिळवले. भगिनींनो, हे वाक्य जरा लक्षात ठेवा. शेवटी मी त्याच्याकडे येणार आहे.

सरकारने वर्षाला एक लाख पेसेताचे अनुदान दिले. पेसेता म्हणजे त्यांचे तेव्हाचे नाणे. लोर्का मुख्य दिग्दर्शक झाले आणि एदुआर्दो उगार्ते नावाचे नाटककार त्यांच्या जोडीला. दोघेही मानधन घेत नसत. नट म्हणजे सगळे विद्यापीठातले विद्यार्थी-विद्यार्थिनी. त्यांनाही पगार नाही. पडदे आणि पोशाख रंगवायला बेन्हामिन पालेन्सिया यांच्यासारखे तरुण चित्रकार पुढे आले. मंडळीची खूण होती गाडीचे चाक आणि त्यावर नटाचा मुखवटा. प्रवासात आणि कामात मुलगे कारखान्यातल्या कामगारांसारखा निळा पोशाख घालीत, मुली निळा-पांढरा. कोण श्रीमंताघरचा, कोण गरिबाघरचा हे कपड्यांवरून कळू नये आणि अंगावर कामाचे कपडे असावेत.

आता त्यांचा रंगमंच कसा होता ते सांगते. लाकडी सांगाडा आणि त्यावर बसवायच्या फळ्या. सुटे करून मालमोटारीत भरता येतील असे सगळे भाग. मागे रंगवलेले कापडी पडदे, थोडी दिव्यांची सोय, पोशाखांच्या पेट्या. गावात पोचले की पोरे-पोरी स्वतः उतरत, ओझी वाहत, चौकात मंच ठोकीत. बहुधा जागा चर्चपुढची किंवा नगरपालिकेपुढची. रात्री खेळ होई, तिकीट नसे. खेळ संपला की सारे मोडून परत गाडीत, आणि पुढचे गाव. महाल, नदी, अरण्य असले देखावे खरेखुरे उभे करायचे नाहीत, एखाद्या रंगाच्या पडद्याने सुचवायचे. त्यामुळे ओझे कमी, खर्च कमी, आणि सगळे लक्ष नटाच्या बोलण्याकडे आणि चालण्याकडे. लोर्का तालमीत फार कडक असत. ओळ कुठे थांबायची, पाऊल कुठे पडायचे, हे संगीताच्या तालासारखे बसवून घेत. खेड्यातल्या लोकांना काय कळते, कसेही केले तरी चालेल, हा विचार त्यांना मुळीच मान्य नव्हता.

हे ऐकताना मला माझे माहेर आठवले. ते भंडारा जिल्ह्यात, म्हणजे झाडीपट्टीत. धान निघाले की तिकडे नाटकांचा हंगाम सुरू होतो. मोकळ्या बांधीत बांबू रोवून, कनाती बांधून मंडप करतात, आणि रात्रभर नाटक चालते. आजूबाजूच्या गावचे पाहुणे येतात. माझी आजी अक्षरशत्रू होती, पण तिने आयुष्यात जितकी नाटके पाहिली तितकी शहरातल्या शिकलेल्या बाईने पाहिली नसतील. कडेवर पोर, शेजारी जाऊबाई, अंगावर घोंगडी, अशी ती मांडी घालून बसे. नाटकगृहाची पायरी तिने कधी चढली नाही. नाटकच तिच्या गावी येई. म्हणून स्पेनमधल्या त्या खेड्यातल्या बायका मला अनोळखी वाटल्या नाहीत.

पहिला दौरा जुलै १९३२ मध्ये निघाला. सोरिया नावाच्या डोंगराळ, गरीब प्रांतात. पहिला प्रयोग १० जुलैला बुर्गो दे ओस्मा या गावी. सर्व्हान्तेस हा त्यांचा तीनशे वर्षांपूर्वीचा थोर लेखक, त्याची छोटी विनोदी प्रहसने सुरुवातीला ठेवली. ती पाहून लोक पोट धरून हसत. त्याबरोबर काल्देरोन या जुन्या नाटककाराचे एक धार्मिक नाटक. त्याचे नाव आयुष्य हे स्वप्न. त्यात पृथ्वी, आप, तेज, वायू ही पात्रे आहेत, मनुष्य आहे, आणि त्याला मोहात पाडणारी छाया आहे. छायेचे काम स्वतः लोर्का करीत, काळे वस्त्र आणि काळा बुरखा घेऊन. असले जड नाटक शेतकऱ्यांपुढे कशाला, असे शहाण्या लोकांना वाटले. पण कीर्तनातून आपल्या आयाबायांना वेदान्त कळतोच ना? तसेच तिकडे झाले. शहरी प्रेक्षकांना अवघड वाटणारे नाटक खेडूत शांतपणे, डोळे न हलवता पाहत.

त्या दौऱ्यातली एक गोष्ट वाचून माझ्या अंगावर काटा आला. एका गावी हेच नाटक चालू असता पाऊस आला. उघड्यावरचा मंच, उघड्यावरचे लोक. पात्रे भिजू लागली, पण त्यांनी थांबवले नाही. आणि समोरचे लोकही उठले नाहीत. बायकांनी वस्त्रे डोक्यावरून ओढून घेतली, पुरुष अंग चोरून बसले, आणि नाटक पुढे चालले. छप्पर नसलेल्या नाटकाची याहून मोठी परीक्षा कोणती? वर छप्पर असते तर तो प्रयोग इतर प्रयोगांसारखाच एक झाला असता.

सगळीकडे असेच स्वागत झाले असे नाही. सोरिया शहरात विरोधकांनी गोंगाट करून प्रयोग उधळला. नव्या सरकारचा ज्यांना राग होता त्यांनी तो या पोरांवर काढला. सरकारचा पैसा उधळतात असा ओरडा झाला. त्याहून वाईट म्हणजे मुलगे-मुली एकत्र प्रवास करतात, परगावी मुक्काम करतात, यावरून वर्तमानपत्रांतून नाही नाही ते लिहून आले. १९३२ साल, कडक सनातनी देश. त्या मुलींच्या आयांना काय काय ऐकावे लागले असेल हे आपल्याला वेगळे सांगायला नको. आपल्या मंडळाच्या पहिल्या नाटकाच्या वेळी तालमीला रात्री उशीर होई म्हणून आपल्यापैकी कितीजणींना घरी बोलणी खावी लागली होती! त्या मुली मात्र नाटक सोडून गेल्या नाहीत.

१९३३ मध्ये बार्राकाने जे नाटक बसवले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. लोपे दे व्हेगा या जुन्या नाटककाराचे फुएन्तेओव्हेहुना. हे एका खऱ्या गावाचे नाव, आणि गोष्टही १४७६ साली खरोखर घडलेली. गावावर एक जुलमी सरदार असतो. कोणाच्याही लेकीसुनेवर हात टाकावा, कोणाचीही मालमत्ता लुटावी. लाउरेन्सिया नावाच्या मुलीला तो तिच्या लग्नाच्या दिवशीच पळवून नेतो. ती कशीबशी सुटून येते, केस सुटलेले, कपडे फाटलेले, आणि गावच्या पुरुषांची सभा भरली असते तिथे तडक जाऊन उभी राहते. बाप गावचा मुखिया, त्यालाही ती सोडत नाही. पुरुषांच्या नामर्दपणावर ती असा आसूड ओढते की सारे गाव पेटून उठते. बायकाही हत्यारे घेतात. सरदार मारला जातो. मग न्यायाधीश येऊन एकेकाला यातना देतो, मारले कोणी ते सांगा म्हणतो. म्हातारे, बायका, पोरे, सगळे एकच उत्तर देतात, ते म्हणजे गावाचे नाव. कोणी एकटा फुटत नाही.

मूळ नाटकात शेवटी राजाराणी येऊन गावाला माफ करतात. लोर्कांनी राजाराणीचा भाग काढून टाकला. पोशाखही जुन्या काळचे न ठेवता त्यांच्याच काळातल्या खेडुतांसारखे ठेवले. म्हणजे चौकात बसलेला शेतकरी आणि मंचावरचा शेतकरी यांत फरकच उरला नाही. गावच्याच चौकात गावाची गोष्ट! मला वाटते, हे भरजरी खुर्च्यांच्या थिएटरात साधलेच नसते. तिथे नाटक पाहायला जाणारी बाई नटूनथटून, पाहुणी म्हणून जाते. इथे नाटक पाहुणे म्हणून आले होते आणि ती आपल्या दारातच बसली होती. पुढची खुर्ची कोणाची, मागची कोणाची, हा प्रश्नच नाही. रडणारे पोर घेऊन मागे उभे राहता येते, चूल पेटवायची आठवण झाली तर घरी जाऊन परत येता येते. बायकांना नाटक दाखवायचे तर हीच रीत.

याच काळात लोर्कांची स्वतःची नाटकेही बहरली. गावोगाव फिरून, लोक कुठे हसतात, कुठे श्वास रोखतात हे पाहूनच त्यांची लेखणी पक्की झाली असावी असे मला वाटते. ८ मार्च १९३३ रोजी रक्ताचे लग्न हे नाटक माद्रिदमध्ये आले. त्याच वर्षी ते दक्षिण अमेरिकेत ब्वेनोस आयरेसला गेले, तिथे त्यांचा अमाप सत्कार झाला. १९३४ च्या डिसेंबरात येर्मा हे नाटक आले. मूल होत नाही म्हणून जळणाऱ्या बाईची ती कथा. आपल्यापैकी किती घरांत ती वेगळ्या नावाने घडली आहे! शेवटचे नाटक बेर्नार्दा आल्बाचे घर. नवरा वारल्यावर आई पाच मुलींना आठ वर्षांच्या सुतकात घराबाहेर पाऊल टाकू देत नाही. नाटकाच्या मंचावर एकही पुरुष नाही. गोविंद निहलानी यांनी १९९१ साली यावरूनच रुक्मावती की हवेली हा हिंदी चित्रपट काढला, राजस्थानातली हवेली दाखवून. कथा आपल्याकडची वाटावी इतकी ती चपखल बसली.

इकडे देशाचे वारे फिरले. १९३३ च्या निवडणुकीनंतर विरोधी पक्षाचे लोक सत्तेवर आले. बार्राकाचे अनुदान अर्ध्यावर आणले, पुढे तेही बंद झाले. तरी पोरांनी दौरे चालू ठेवले. लोर्कांच्या हाताखाली आणि नंतर मिळून मंडळीने तेरा नाटके बसवली. पैसा तुटला तरी फळ्या होत्या.

१९३६ च्या जुलैत लष्कराच्या बंडाची कुणकुण लागली होती. मित्र म्हणाले माद्रिद सोडू नका. पण लोर्का आईवडिलांकडे ग्रानादाला गेले. १८ जुलै हा त्यांच्या आणि वडिलांच्या नावाच्या संताचा दिवस. त्याच सुमारास बंड झाले आणि दोन दिवसांत ग्रानादा बंडवाल्यांच्या हाती पडले. लोर्कांच्या बहिणीचे यजमान तिथले नगराध्यक्ष होते, त्यांना १६ ऑगस्टला गोळ्या घातल्या. त्याच दिवशी मित्राच्या घरी आसऱ्याला राहिलेल्या लोर्कांना पकडले. चौकशी नाही, खटला नाही. १८ ऑगस्टच्या सुमारास, विस्नार आणि आल्फाकार या गावांच्या मध्ये, रात्री, त्यांना ठार केले. बरोबर एक शाळामास्तर आणि दोन बैलझुंजीतले गडी. वय अवघे अडतीस. हातात कधी शस्त्र धरले नव्हते. पुढे २००९ मध्ये तिथे जमीन खोदून शोध घेतला, पण त्यांची अस्थीही मिळाली नाही. दोन-तीन दिवसांत आईने लेक आणि जावई दोघे गमावले. त्या माउलीचा विचार मनातून जात नाही.

मारणाऱ्यांना वाटले असेल की संपले. स्पेनमध्ये पुष्कळ वर्षे त्यांच्या पुस्तकांवर बंदी होती, नाव घ्यायची चोरी होती. पण बेर्नार्दा आल्बाचे घर ८ मार्च १९४५ रोजी परदेशात, ब्वेनोस आयरेसला रंगभूमीवर आले. १९७५ साली हुकूमशहा फ्रँको वारला, लोकशाही परत आली, आणि लोर्का पुन्हा घराघरांत पोचले. आज त्यांच्या नाटकांचे प्रयोग जगभर होतात. माणूस मोडता आला, पण जे एकदा उभे राहून गावागावात पसरले ते मोडता आले नाही.

आता ते वाक्य. कायमची बार्राका झालीच नाही, फिरती तेवढी झाली. आपल्या मंडळाला स्वतःची जागा नाही, याचे दुःख मलाही आहे. इमारत निधीच्या डब्यात मीही दर महिन्याला टाकते. पण यंदाच्या सभेत असा सूर निघाला की हॉल होईपर्यंत वार्षिक नाटक बंद ठेवावे, कारण नाट्यगृहाचे भाडे परवडत नाही आणि उघड्यावर करणे शोभत नाही. सभेत मला बोलता आले नाही, म्हणून इथे लिहिते. लोर्का थांबले असते तर सोरियाच्या त्या बायकांनी ते नाटक कधी पाहिलेच नसते, पावसातही नाही आणि उन्हातही नाही.

आपल्याला काय लागेल? मंडपवाल्याकडून फळ्या आणि बांबू, घरच्या चादरींचे पडदे, देवळापुढचे पटांगण आणि पाठ असलेली संहिता. मागच्या वर्षीचे नाटक सगळ्यांचे पाठ आहे. ते एकदा आपल्या आळीत करावे आणि एकदा नदीपलीकडच्या वीटभट्टीवाल्यांच्या वस्तीत न्यावे. तिथल्या बायका नाट्यगृहाच्या दारापर्यंतही येऊ शकत नाहीत. भट्टीचे काम संपते अंधार पडल्यावर, तेव्हा खेळ रात्री नऊला ठेवावा. माझ्याकडे सतरंज्या सहा आहेत, त्या देईन. तालीम मात्र नीट व्हावी. तिथे काय, कसेही चालेल, असे कोणी म्हणू नये.

इमारत निधी चालू ठेवावाच. हॉल झाला तर आनंदच आहे. पण नाटक त्याच्यासाठी अडून राहू नये.

चुकभूल असल्यास सांभाळून घ्यावे. आपल्या मंडळाची उत्तरोत्तर भरभराट होवो आणि आपल्या फळ्यांना कधी वाळवी न लागो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.